पोरीच्या सासरचं नाव

मुंबईहून परतलेल्या आप्पांनी घरात पाऊल टाकलं, न्हाणीत जाऊन पाय धुतले, आक्काच्या मांडीवरचं बाळ उचलून त्याच्या टाळूचा वास घेतला आणि चहा मागितला. एवढं सगळं झालं तरी कोर्टाचं नाव निघेना. शालूला दम कसा तो निघत नव्हता. मुळात धीर हा प्रकार देवानं तिला दिलेलाच नव्हता. त्यात मागच्याच महिन्यात ती जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकून आली होती, आणि तेव्हापासून मंडईत वांग्यांची घासाघीस करतानाही फक्त 'अध्यक्ष महोदय' म्हणायचं तेवढं बाकी ठेवायची.

"आप्पा, निकाल काय लागला?"

"आलं घातलंयस का गं चहात?" आप्पांनी आईला विचारलं.

"घातलंय," आई म्हणाली. तिनं, पारूबाईनं, नवऱ्याच्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. तिला कळलं होतं. शालूला कळलं नव्हतं.

भिंतीला टेकून घोंगड्यावर बसलेले थोरले चुलते, धोंडीबा तात्या, आटपाडीकडून काल संध्याकाळीच आले होते. आज आक्काची पाठवणी. पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन ती साताऱ्याला सासरी निघणार, म्हणून तात्यांनी लोट्यात तूप आणलं होतं आणि बिरोबाचा भंडारा आणला होता. ते म्हणाले, "हरिबा, मेंढरू आडलं तर त्येला बी यवढा येळ ताटकळत ठेवत न्हाईत. बोल की रं."

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "परत पाठवलं."

"म्हंजे?"

"म्हंजे ऐकूनच घेतलं न्हाई. पुकारा झाला, आपला वकील उठला. न्यायमूर्तींनी पहिलाच सवाल टाकला, ज्याच्या खुर्चीवर तुमचा डोळा आहे तो माणूस कुठं आहे? सामनेवाल्यांत त्याचं नाव का न्हाई? त्याला न बोलावता त्याच्याविरुद्ध हुकूम कसा द्यायचा? वकिलाला उत्तर न्हाई. पान उलटायच्या आत आम्ही बाहेर."

बाहेर रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला.

चीनच्या लढाईच्या साली मामलेदारांची यादी निघाली तेव्हापासूनचं हे दुखणं. आप्पा अव्वल कारकून. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घराण्यात लेखणी धरलेला पहिला माणूस. त्यांच्या वडलांनी, आबांनी, त्यांना आष्ट्याच्या शाळेत घातलं तेव्हा सगळी वाडी हसली होती. सेवाज्येष्ठतेत त्यांच्या वर कुणी नव्हतं. तरी यादीत आप्पांचं नाव नव्हतं आणि त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या दादासोचं होतं. मागाहून कळलं, की कुणा एका साहेबानं बदलून जाताना आप्पांच्या गोपनीय अहवालात शेरा मारून ठेवला होता, 'जबाबदारीचे पद सांभाळण्यास असमर्थ.' का, कशावरून, ते काही नाही. आणि तो शेरा आप्पांना कुणी कधी दाखवलाही नव्हता. चोरालासुद्धा काय चोरलंस ते सांगून मग शिक्षा करतात, असं शालू शाळेत तावातावानं सांगायची. सांगलीच्या वकिलांनी तेव्हाच समजावलं होतं, "हरिबा, कोर्ट खुर्ची देत नसतं. खुर्ची देताना सरळ वागले का वाकडं, एवढंच कोर्ट बघतं. पण तुमच्या बाबतीत वाकडंच वागलेत. चला, लढू."

फक्त एक गोष्ट त्यांनी परत परत बजावली होती. दादासोला सामनेवाला करावं लागेल.

आणि तिथंच आप्पा अडून बसले. कारण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आक्का दादासोच्या धाकट्या भावाला, मिलिटरीतल्या जालिंदरला दिलेली होती. कचेरीत शेजारी शेजारी बसून चहा पिता पिता जमलेली सोयरीक. "माझं भांडण सरकारशी हाय," आप्पा म्हणाले होते. "जिथं लेक दिली त्या घरच्या माणसाला मी कोर्टाच्या दारात उभा करणार न्हाई. त्याचं नाव काढून टाका." वकिलांनी डोक्याला हात लावला, पण काढलं. घरात त्या दिवशी सगळ्यांची छाती फुगली होती. तात्यांनी तर, "ह्येला म्हनत्यात धनगराचा शबूद," म्हणून आप्पांच्या पाठीवर थाप मारली होती.

"मग आता?" शालूनं विचारलं.

"आता एक फट हाय. नाव घालून पुन्हा या, एवढी सवड कोर्टानं दिलीय. वकीलसाहेब उद्या सकाळी पुन्हा मुंबईला निघाल्यात. त्याआधी, आज दिवे लागायच्या सुमाराला मी जाऊन सही करायची."

"मग करा की! आप्पा, यात विचार कसला करायचा? इतकी वर्षं—"

"शाले, हळू," आई म्हणाली. "आज न्हाई. आज पोर वाटंला लावायची हाय. सातारची मान्सं येतील आता."

"आगं पर नाव घातलं तर काय आभाळ कोसळतंय?" तात्या सरसावून बसले. "दादासो काय वाघ हाय व्हय? समजूतदार गडी हाय. घाल रं हरिबा नाव. आबा असते तर त्यांनी बी हेच सांगितलं असतं."

शालूला तात्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती आक्काकडे वळली. "आक्का, तू सांग की."

आक्का बाळाला शेगडीवर धुरी देत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी काय सांगू? मला तिथं नांदायचं हाय," एवढंच म्हणाली.

साडेअकराला टांगा दाराशी थांबला. आधी उतरल्या हरणाबाई, आक्काच्या सासूबाई, गुडघ्याला हात लावत आणि कुणाला तरी शिव्या देत. मागून दादासो. बारीक अंगाचा, कानाजवळ पांढरा झालेला, हातात चामड्याची बॅग.

"दाराला सरकारी जीप लागलीया, अन् मला ह्यानं येष्टीनं आनली," हरणाबाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. "कराडपासनं एक म्हातारा माज्या खांद्यावर घोरत आलाय बघा, इहीनबाई! काय तर म्हनं, जीप कामापुरतीच. मामलेदाराच्या आईला काय काम नसतंय व्हय?"

सगळे हसले. आप्पाही हसले. दादासो नेमका जीप घेऊन का आला नाही हे आप्पांना कळलेलं होतं, आणि आप्पांना ते कळलंय हे दादासोला कळलं होतं, असं शालूला वाटलं. तो आत येऊन आप्पांच्या पाया पडला. "बरं आहे ना मामा?"

"बरं हाय, दादासो. बस."

पुरणपोळी, कटाची आमटी, तात्यांचं तूप. पुरुषांची आणि हरणाबाईंची पानं सोप्यात मांडली. शालू वाढत होती. तोंडात शब्द नुसते उकळत होते, पण आईनं दोनदा डोळे मोठे केले म्हणून ती गप्प होती. बोलणं पावसापाण्याचं झालं, जालिंदरला लडाखात थंडी किती ते झालं, बाळाचं नाक कुणावर गेलं ते झालं. मग हरणाबाईंनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता सहज विचारावं तसं विचारलं, "मग इवाई, म्हमईला गेलता म्हनं. लागला का काय निकाल?"

"चाललंय," आप्पा म्हणाले. "कोर्टाचं काम. दादासो, तूप घे."

तिथं ते मिटलं असतं. पण शालूच्या हातात तुपाची वाटी होती आणि डोक्यात सकाळपासूनचं भाषण होतं. "चाललंय कुठं?" ती म्हणाली. "केस परत आली. थोरल्या दाजींचं नाव घातलं नव्हतं ना, म्हणून! तुमच्या घरचं नाव कोर्टात जाऊ नये म्हणून आप्पांनी ते काढायला लावलं होतं. त्या एकाच गोष्टीवरून हरले आप्पा."

क्षणभर हरणाबाईंना काही उमगलं नाही. मग त्यांनी हातातला घास पानात ठेवला, खरकट्या हातानंच हात जोडले आणि कपाळाला लावले. "बिरोबा पावला गं बाई!"

"आई!" दादासो म्हणाला.

"आई काय? खरं तेच बोलले. चार वर्सं लेकाच्या डोक्यावर धोंडा टांगल्याला. दारात पट्टेवाला दिसला की ह्येचं तोंड पांढरं हुयाचं. आज हुकूम येतोय का उद्या येतोय. रात रात आढ्याकडं बघत पडायचा. कुनाला सांगू मी?"

चुलीजवळ पळी आदळल्याचा आवाज झाला. पारूबाई सोप्यात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत व्याह्यांच्या समोर तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. "इहीनबाई, नाव आमी काढलं ते तुमच्या घराची अब्रू म्हनून. आन् त्येच्यावर तुमी देवाला हात जोडताय?"

"उपकार केलासा व्हय?" हरणाबाईंचाही आवाज चढला. "नाव घेतलं न्हाई, पर खुर्ची तर माज्याच लेकाची मागितलीसा! नाव न घेता दगूड मारला तर त्येचं काय फूल हुतंय?"

शालूला ते इतकं लख्ख पटलं की त्याचाच तिला संताप आला. ती सरळ दादासोसमोर जाऊन बसली. "थोरले दाजी, तुम्ही सांगा. नाव घातलं तर चालेल का तुम्हाला? वकील उद्या निघालेत. आप्पांनी आज सही केली तर अजून होतंय."

"शाले, ऊठ तिथनं," आप्पा म्हणाले.

"राहू दे मामा." दादासो पानाकडे बघत म्हणाला. "घाला. नाव घाला माझं. मी येतो मुंबईला. मला कामाला हात धरून तुम्ही लावलंत, तुमची सेवा माझ्या आधीची आहे, आणि तो शेरा खोटा आहे, हे मी तिथं उभा राहून सांगीन. मला काय झोप लागते असं वाटतं का तुम्हाला त्या खुर्चीत?"

शालूनं वळून आईकडे बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आप्पांच्या हातातला घास तसाच राहिला होता. अर्धा मिनिट, फार तर, त्या सोप्यात सगळं बदलून गेलं होतं.

मग हरणाबाई बोलल्या. ओरडल्या नाहीत, हेच वाईट. "सांग बापडा. कोर्टात जाऊन सांग. मंग जालिंदराची बायकू हितंच ऱ्हाऊ दे. तिकडं कोर्टात ह्येंच्या समोर उभं ऱ्हायाचं आन् घरात ह्येंच्या लेकीनं भाजलेली भाकरी खायाची, माज्यानं व्हायाचं न्हाई. जालिंदर सुट्टीवर आला म्हंजे बघील काय करायचं ते."

सगळ्यांनी दादासोकडे पाहिलं. त्यानं तांब्या उचलला. पाणी प्याला. तांब्या हळूच, आवाज न करता जमिनीवर ठेवला.

"दाजी?" शालू म्हणाली.

तो आमटीच्या वाटीत बघत राहिला.

"हरिबा," तात्यांनी घसा खाकरला, "मंग ऱ्हाऊ दे बाबा."

"तात्या! सकाळी तुम्हीच म्हणालात, घाल नाव—"

"सकाळची गोस्ट येगळी, पोरी. सकाळी हिचा संसार मधी नव्हता."

"होता की! सकाळी पण होता!"

"पर कुनी बोललं नव्हतं," तात्या म्हणाले, आणि घोंगड्याचं टोक चिमटीत चुरगाळत बसले.

आतल्या दारात आक्का बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "आप्पा," ती म्हणाली, "तुमी जावा सही करून या. मी ऱ्हाते हितं. ह्यांना मी कागद धाडते. माणूस बरं हाय, समजून घेतील."

आता बोलायची पाळी आप्पांची होती. ते उठले, हात धुतले, पंच्याला पुसले. त्यांचा आवाज कचेरीत एखाद्या खेडुताला नियम समजावून सांगावा तसा शांत होता. "समजा नाव घातलं. समजा जिंकलो. तर कोर्ट काय म्हणणार? ह्या माणसाचा फिरून विचार करा. बास. फिरून विचार करणार कोण? तीच कचेरी, तेच कपाट, तीच माणसं. आणि मी येत्या जूनला रिटायर. खुर्ची मला केव्हाच नको झाली, आक्का. वाटत होतं, तो शेरा कुणीतरी मोठ्यानं वाचावा आणि म्हणावं, ह्याला आधार न्हाई, हा माणूस असमर्थ नव्हता. चारचौघांत कुणीतरी एकदा म्हणावं. तेवढ्यासाठी तुला बाळासकट घरात बसवू?"

शालूनं तोंड उघडलं. आम्ही म्हणतो ना, असं म्हणावं. आम्ही रोज म्हणू, असं म्हणावं. पण ती वाक्यं तिला स्वतःलाच पोकळ वाटली. घरातल्यांनी म्हणून काय होणार होतं?

"हिची तयारी करा," आप्पा म्हणाले. "तीनची गाडी गाठायची हाय."

स्वयंपाकघरात शालू आईजवळ गेली. आई दिंकाचे लाडू डब्यात भरत होती, एकावर एक, फुटू नयेत म्हणून मधे कागद घालून.

"आई, तू तरी सांग ना त्यांना. मघाशी तूच तर—"

"मी सकाळी काय म्हनले, शाले?" आईनं वर न बघता विचारलं.

"काय?"

"आज न्हाई म्हनले. पोर वाटंला लागू दे म्हनले. सांजच्याला न्हाई असं म्हनले हुते का मी? तीनला गाडी सुटली असती. पोर एकडाव तिच्या घरात गेली असती, की मंग त्या बाईला काय कळायचं ते कळू दे, मांडीवरचं लेकरू घिऊन सुनंला बाहीर काढायची छाती नव्हती तिची. तुजा बाप 'चाललंय' म्हनला, ते उगंच म्हनला व्हय?"

शालू भिंतीला धरून खाली बसली. तिला आप्पांचा चेहरा आठवला, 'दादासो, तूप घे' म्हणताना. मुंबईहून रात्रभर बसून आलेला माणूस. त्यानं येताना सगळं ठरवलं होतं. पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी आडून आपल्यापुरतं काही करणार होता. आणि आपण तुपाची वाटी हातात घेऊन त्याला चारचौघांत उघडं पाडलं. टाळ्या पडतील असं वाटलं होतं का आपल्याला? खरं सांगायचं तर, वाटलं होतं.

"मी माफी मागू का त्यांची? हरणाबाईंची?"

"कशाची मागशील? तू खोटं कुठं बोललीस?" आईनं डब्याचं झाकण लावलं. "ऊठ. पाळण्याच्या दोऱ्या बांधायच्यात."

दुपार कलली. पाळणा टांग्याच्या मागं उलटा बांधला. आईनं आक्काची ओटी भरली; हरणाबाईंचीही भरली, आणि त्यांना खणावर नारळ देताना दोघींपैकी कुणी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं नाही. तरी हरणाबाईंनी जाता जाता आईचा हात धरला. "इहीनबाई, मी बी आईच हाय," म्हणाल्या. आईनं मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

तात्यांनी बाळाच्या कपाळाला भंडारा लावला. बाळ शिंकलं. एरवी सगळे हसले असते.

आक्का पाया पडून उठली तेव्हा आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. "नीट ऱ्हा," म्हणाले. आक्का रडली नाही. शालूच्या गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "तू गप नको बसत जाऊस हां. माझ्यासाठी म्हणून तरी." आणि मग शालूच रडायला लागली, हमसून हमसून, टांगेवाल्यासमोर.

सगळ्यात शेवटी दादासो बाहेर आला. बॅग हातात, टोपी सारखी करत. ओट्याच्या पायरीवर आप्पांसमोर थांबला. बोलायचं होतं त्याला, ओठ हलले. "मामा, मी..."

आप्पा एकदम सरळ उभे राहिले. कोटाचं वरचं बटण त्यांनी लावलं. शालूनं डोळे पुसून बघितलं, तिला आधी समजेना आप्पा काय करताहेत. ते दोन पायऱ्या खाली उतरले, दादासोच्या जरासे मागं आणि डावीकडं जाऊन उभे राहिले, साहेबाबरोबर कारकून चालतो त्या जागी. मग त्यांनी हात पुढं केला.

"द्या साहेब," आप्पा म्हणाले. "बॅग माझ्याकडं द्या."

आईनं पदर तोंडात धरला. आप्पांच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दादासोची बोटं चामड्याच्या मुठीवर घट्ट आवळली. तो आप्पांकडं बघत राहिला, जणू कुणीतरी त्याला 'नको' म्हणायला शिकवावं म्हणून वाट बघत होता. गल्लीत सगळीकडं ऊन होतं. घोडं एकदा फुरफुरलं.

आणि दादासोनं बॅग सोडली.